गच्चीवरचं हायड्रोपोनिक्स: आधी महिनाभर हाताने चालवा, मग ऑटोमॅटिक करा

दरवर्षी जुलै आला की ज्युनियर्सचे मेसेज सुरू होतात, दादा तुमचा तो हायड्रोपोनिक्सचा, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यात पालक वाढवायचा प्रोजेक्ट होता ना, कोड देता का. कोड देतो, त्यात काय एवढं, पण कोड हा या प्रोजेक्टमधला सगळ्यात सोपा भाग आहे आणि नुसता कोड घेऊन गेलेल्या दोन ग्रुपची झाडं मेलेली मी स्वतः बघितलीयेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आम्ही चौघं होतो, तिघं इलेक्ट्रॉनिक्सची आणि एक मेकॅनिकलचा. त्यातल्या एकाचं घर नाशिकजवळ निफाडला, द्राक्षबाग आहे त्यांची, आणि खरं सांगू का, प्रोजेक्ट उभा राहिला तो त्याच्या घरच्यांमुळे. आम्हाला ईएसपी३२ (सेन्सर आणि पंप चालवणारा छोटा वायफाय बोर्ड) येत होतं, पण ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, त्यावरून किती खत विरघळलंय ते कळतं; पुढचे आकडे मिलीसीमेन्स प्रति सेंमीत) म्हणजे काय ते त्याच्या बाबांना येत होतं, कारण ठिबकमधून खत सोडणाऱ्या माणसाचं रोजचं कामच ते आहे.

आधी कॅलेंडर काढा

सगळे पहिल्या दिवशी पाइप आणायला पळतात. थांबा जरा. एक्स्टर्नलची (बाहेरचे परीक्षक प्रोजेक्ट तपासतात त्या परीक्षेची) तारीख बघा आणि तिथून मागे मोजत या. लेट्यूसला बी टाकल्यापासून रोप तयार व्हायला बारा-पंधरा दिवस, पाइपात लावल्यावर अजून तीस-पस्तीस दिवस. पालकाची पहिली कापणी पेरल्यापासून पाच-सहा आठवड्यांत. मेथी त्याहून लवकर. धने लावणार असाल तर दाणा दोन भागांत फोडून लावा, आणि तरी आठ-दहा दिवस काहीच उगवलं नाही म्हणून घाबरू नका.

आता गंमत अशी की प्रोजेक्टचा डेमो असतो एप्रिलमध्ये आणि एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. बाहेरच्यांना अजून वाटतं नाशिक म्हणजे थंड हवा, त्यांना म्हणावं दुपारी दोन वाजता आमच्या डिपार्टमेंटच्या गच्चीवर अनवाणी उभं राहून दाखवा. त्या उन्हात लेट्यूस सरळ तुऱ्यावर जातं आणि कडू होतं. म्हणून लेट्यूस करायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा मस्त येतं, आणि डेमोसाठी पालक, तांदुळजा, तुळस, पुदिना असलं काहीतरी ठेवा. पुदिना तर विमा समजा. बाजारातून जुडी आणायची, खालची पानं काढून काड्या ग्लासभर पाण्यात ठेवायच्या, आठवड्याभरात मुळ्या फुटतात, बाकी सगळं मेलं तरी डेमोला काहीतरी हिरवं दिसतं.

थंडीत उलटा प्रॉब्लेम. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पार पाच-सहाच्या खाली जातो हे पेपरात वाचतच असाल, शहरात तेवढं नसतं पण टाकीतलं पाणी पंधराच्या खाली गेलं की वाढ रेंगाळते आणि पानं खालून जांभळट दिसायला लागतात. ते फॉस्फरस कमी टाकल्यामुळे नाही, गार पाण्यात मुळं तो उचलत नाहीत म्हणून. तेव्हा उगाच खत वाढवू नका.

सांगाडा

७५ एमएमचा पांढरा पीव्हीसी पाइप घ्या, दहा फुटी दोन नग, मधोमध कापले की पाच फुटी चार तुकडे होतात. प्रत्येकात २० सेंमीवर एक अशी सात भोकं, म्हणजे २८ झाडं, एवढी बास. दोनशे झाडांचा टॉवर करायची स्वप्नं पहिल्या सेमिस्टरला बघू नका.

भोकं पाडायच्या आधी नेट पॉट (रोप धरणारा जाळीचा कप) विकत घ्या आणि मग त्याच्या मापाचा होल सॉ (ड्रिलला लावायचं गोल भोकाचं पातं). आम्ही उलटं केलं, भोक मोठं झालं आणि सगळे पॉट खाली पाइपात पडायला लागले, मग प्रत्येकाला सायकलच्या ट्यूबची रिंग कापून गळपट्टा बांधावा लागला. नेट पॉट नसेल तर प्लॅस्टिकचा छोटा कप घेऊन सोल्डरिंग गनने भोकं पाडली तरी चालतं, फक्त ते खिडकीपाशी बसून करा, धूर वाईट असतो.

इंटरनेटवर जे एनएफटी म्हणून दाखवतात, म्हणजे मुळांखालून पाण्याचा दोन-तीन मिलीमीटरचा पातळ थर सतत वाहतोय, ते सपाट तळाच्या चॅनलला बरोबर आहे. ही पद्धत इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात ॲलन कूपर यांनी काढली, आणि नाशिकची लाइट काही त्यांच्या डोळ्यासमोर नव्हती. पातळ थरात पंप बंद पडला की उन्हाळ्यात तासा-दोन तासात मुळं वाळतात. म्हणून आपण काय करायचं, पाइपच्या शेवटच्या टोपीत निचऱ्याचं भोक तळाला न पाडता अडीच सेंमी वर पाडायचं. म्हणजे पंप बंद झाला तरी प्रत्येक पाइपात लिटर-सव्वा लिटर पाणी थांबून राहतं. उतार मग जास्त द्यायचा नाही, पाच फुटाला एक-दीड सेंमी पुरे. या एका भोकाने आमची झाडं जितक्या वेळा वाचवली तितक्या वेळा कुठल्याच सेन्सरने वाचवली नाहीत.

पाणी वाटायला नळाची फिटिंग शोधत बसू नका, नाशिकमध्ये राहता तुम्ही. ठिबकच्या कुठल्याही दुकानात १६ एमएमची लॅटरल (ठिबकची काळी नळी), तिला फाटे जोडायचे ग्रोमेट आणि टेकऑफ, छोटे व्हॉल्व्ह, एंड कॅप सगळं सुटं मिळतं, आणि गळती होत नाही कारण ती वस्तू बनलीच त्यासाठी आहे. पंपाला एक आडवी लॅटरल, तिच्यातून प्रत्येक पाइपला एक फाटा आणि प्रत्येक फाट्याला एक व्हॉल्व्ह. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून लिटरची बाटली भरून बघायची, तीस सेकंद ते एक मिनिट लागलं पाहिजे, चारही पाइपांना सारखं. एकाला जास्त पाणी जात असेल तर त्याचा व्हॉल्व्ह थोडा आवळा.

टाकी ६० लिटरचा झाकणाचा ड्रम. पंप १८ वॉटचा कूलरमधला सबमर्सिबल चालतो, पण तो चोवीस तास चालवायला बनवलेला नसतो, म्हणून पंधरा मिनिटं चालू पंधरा मिनिटं बंद, रात्री तर तासातून एकदा पंधरा मिनिटं भरपूर. ड्रम आणि पाइपातून उजेड आत जाता कामा नये, नाहीतर चार दिवसात शेवाळ. पांढऱ्या पाइपातून उजेड आत जातो, उन्हात आतून हात घालून बघा कळेल. आधी काळा रंग मारा, वर पांढरा, काळ्याने उजेड थांबतो आणि पांढऱ्याने ऊन.

आणि ऊन हा मोठा विषय आहे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन २० अंशाला लिटरमागे ९ मिलीग्रॅमच्या आसपास मावतो, ३० अंशाला साडेसात. मुळं श्वास त्यातूनच घेतात, आणि गरम पाण्यात पिथियम नावाची मूळकुज खूश असते. पाणी २६ च्या वर गेलं की मुळं तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारी, मग औषधं शोधत फिरा. आम्ही टाकी पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) सावलीत ठेवली, तिच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, आणि मत्स्यालयाचा एअर पंप त्याच्या बुडबुडे काढणाऱ्या दगडासकट आत सोडला. गोणपाटाने तीन-चार अंश पडतात, फुकटात. मेकॅनिकलवाला यावर हीट एक्स्चेंजर बनवणार होता, त्याला आवरलं.

खत: इथे लक्ष द्या

खताच्या दुकानात गेलो आणि कॅल्शियम नायट्रेट मागितलं, दुकानदार म्हणाला किती एकराला. आम्ही म्हटलं पाच फूट बाय चार फुटाला. तो दोन मिनिटं हसला आणि मग त्यानेच सगळं काढून दिलं. द्राक्षवाल्यांमुळे इथे पाण्यात विरघळणारी सगळी खतं एका काउंटरवर मिळतात, मोठ्या शहरातले लोक त्याच वस्तूच्या छोट्या बाटलीला हायड्रोपोनिक न्यूट्रियंट म्हणून तिप्पट पैसे देतात. फक्त एक किलोच्या खाली पॅकिंग मिळत नाही, दोन ग्रुपने मिळून घ्या.

पहिली चूक सगळेच करतात, नुसतं १९:१९:१९ टाकतात. त्यात कॅल्शियम नाही, मग कोवळ्या पानांच्या कडा जळतात. आणि त्यातलं बरंचसं नत्र युरियाच्या रूपात असतं, मातीत त्याचं काम करायला जिवाणू असतात, आपल्या पाइपात ते जवळपास नसतात. म्हणून खतं वेगवेगळी घ्यायची. आमचं १०० लिटरचं माप असं होतं:

ए बाटली: कॅल्शियम नायट्रेट ७० ग्रॅम, चिलेटेड लोह (ईडीटीए १२ टक्के) २ ग्रॅम.
बी बाटली: १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट ३५ ग्रॅम, ००:५२:३४ म्हणजे एमकेपी १५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम, आणि मायक्रोन्यूट्रियंट मिक्स पुडीवर लिहिलंय तेवढं.

दोन्ही एकेक लिटर पाण्यात विरघळवायचं. मग टाकीत लिटरमागे १० मिली ए आणि १० मिली बी, म्हणजे ६० लिटरला ६०० मिली हे आणि ६०० मिली ते. यातून साधारण १.५ ईसी मिळतो, त्यात तुमच्या पाण्याचा स्वतःचा ईसी मिळवा. लेट्यूसला १.२ ते १.८ चालतो, पालक थोडा खादाड आहे, त्याला २ पर्यंत चालतो. रोपं लहान असताना निम्म्याच डोसवर ठेवा.

ए आणि बी कधीही एकमेकांत थेट ओतायचं नाही. कॅल्शियम एकीकडे आणि सल्फेट-फॉस्फेट दुसरीकडे, घट्ट स्वरूपात भेटले की दुधासारखं पांढरं होऊन खाली साका बसतो, तो साका म्हणजे तुमचं खत, ते झाडाला मिळत नाही आणि पंपाची जाळी मात्र तुंबते. आधी ए टाका, पंप चालवून ढवळा, पाच-दहा मिनिटांनी बी. बाटल्यांच्या टोपणांची सुद्धा अदलाबदल करू नका. निफाडच्या काकांनी हे ऐकल्यावर एवढंच म्हटलं, आमच्या ठिबकच्या नळ्या एकदा अशाच गेल्या होत्या.

पाणी कुठलं घेताय ते पण बघा. आमच्याकडे नळाचं, गंगापूर धरणाचं, ईसी ०.२ च्या आसपास, छान. होस्टेलच्या बोअरचं मोजलं तर ०.९. म्हणजे आपण चमचाभर खत टाकायच्या आधीच निम्मी जागा भरलेली, आणि भरलेली कशाने तर बायकार्बोनेटने, त्यामुळे पीएच कितीही खाली आणला तरी दुसऱ्या दिवशी परत वर. बोअरचंच वापरायचं असेल तर पावसाचं किंवा आरओचं पाणी मिसळून घ्या.

पीएच ५.५ ते ६.५. वर गेला की लोह असूनही मिळत नाही, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी दिसतात. खाली आणायला फॉस्फरिक ॲसिड, तेही ठिबक धुवायला वापरतात म्हणून त्याच दुकानात मिळतं. ५० मिली ॲसिड आणि पाणी मिळून एक लिटर, आधी पाणी मग ॲसिड, याच्या उलट कधीच नाही, हातमोजे आणि गॉगल घालून, आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा कारण ते दिसायला पाण्यासारखंच असतं आणि गच्चीवर येणारा प्रत्येकजण तहानलेला असतो. सायट्रिक ॲसिडने पण पीएच उतरतो पण टिकत नाही, जिवाणू ते खाऊन टाकतात.

आता महिनाभर वही

इथे ज्युनियर्स नाराज होतात. सेन्सरची पार्सलं येऊन पडलेली असतात आणि मी म्हणतो पहिलं पीक हाताने काढा. पंपाला साधा टायमर लावा, एक ईसी पेन आणि एक पीएच पेन (पेनाएवढे हातात धरायचे मीटर) घ्या, आणि सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच अशी रोज चार आकडे वहीत लिहा: ईसी, पीएच, पाण्याचं तापमान, टाकीतली पातळी.

का, तर चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्हाला एक गोष्ट दिसते जी कुठल्याच डेटाशीटमध्ये नाही. कडक उन्हात पातळी उतरते आणि ईसी वर चढतो. म्हणजे झाडं पाणी जास्त पितायत आणि खत कमी, तेव्हा नुसतं पाणी टाकायचं. ढगाळ दिवसात वाढीच्या भरात उलटं, पातळी थोडी उतरते आणि ईसी पण उतरतो, तेव्हा खत. ईसी खाली-वर न होता पातळी उतरली तर डोस बरोबर बसलाय. आणि पीएच रोज थोडा वर सरकत राहतो, कारण झाड नायट्रेट उचलतं तेव्हा बदल्यात पाणी अल्कलाइन करत जातं. हे सगळं ज्याने वहीत बघितलंय तोच ठरवू शकतो की पंपाने किती मिली टाकायचं आणि किती वेळ थांबायचं. आमची २८ झाडं मोठी झाल्यावर उन्हाच्या दिवशी तीन-चार लिटर पाणी पीत होती, हा आकडा नंतर कोडमध्ये अलार्म लावायला कामी आला: एका दिवसात दहा लिटर गेलं तर झाडं प्यायली नाहीत, कुठेतरी गळतंय.

शिवाय रिपोर्टमध्ये हाताने चालवलेला महिना आणि ऑटोमॅटिक महिना असे दोन ग्राफ शेजारी लावता येतात, गाइड सर खूश.

सेन्सर कुठल्या क्रमाने

सगळ्यात आधी ते काम ऑटोमॅटिक करा जे चुकलं तरी झाड मरत नाही. ॲसिड सगळ्यात शेवटी.

पहिला नंबर पाण्याच्या टॉप-अपचा आणि त्याला इलेक्ट्रॉनिक्स लागतच नाही. टाकीच्या वर एक बादली आणि कूलरमध्ये असतो तो बॉलकॉक, पातळी उतरली की पाणी आपोआप. आम्ही यासाठी अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या लहरींनी पातळी मोजणारा), रिले (विजेने चालणारा स्विच) आणि सोलेनॉइड (विजेवरचा व्हॉल्व्ह) असं सगळं लावलं होतं, वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिकला जवळचं वीस-पंचवीस सेंमी दिसतच नाही हे टाकी भरून वाहायला लागल्यावर कळलं. बॉलकॉक लावला, विषय संपला. फक्त बादली छोटी ठेवा, कुठे गळती झाली तर अख्ख्या बिल्डिंगची टाकी आपल्या गच्चीवर रिकामी होऊ नये.

मग फ्लोट स्विच, पातळी फारच खाली गेली तर पंप बंद आणि डोसिंग बंद. मग पाण्यात डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर, त्याच्या डेटा आणि ३.३ व्होल्टच्या मध्ये ४.७ के चा रेझिस्टर विसरू नका, निम्म्या लोकांचं उणे १२७ तापमान त्यामुळेच येतं. हवेच्या तापमान-आर्द्रतेसाठी डीएचटी२२. पंपाची वेळ डीएस३२३१ घड्याळावर, इंटरनेटवरच्या वेळेवर नको, कारण गच्चीवर वायफाय कधी येतं कधी नाही. लॉजिक सगळं ईएसपी३२ च्या आतच राहू द्या, थिंगस्पीक किंवा ब्लिंक (नेटवर रीडिंग दाखवणाऱ्या सेवा) फक्त बघायला. नेट गेलं म्हणून झाडाला पाणी गेलं नाही असं व्हायला नको.

ईसी प्रोब. स्वस्तातला टीडीएस बोर्ड (विरघळलेले क्षार पीपीएममध्ये सांगणारा) घेतला तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तो १००० पीपीएमपर्यंतच वाचतो, म्हणजे ईसी २ च्या पुढे त्याचं डोकं चालत नाही. आणि पीपीएमचे दोन हिशोब आहेत, कुणी ५०० ने गुणतं कुणी ७०० ने, त्यामुळे दोन मीटर दोन आकडे दाखवतात आणि ग्रुपमध्ये भांडणं होतात, सरळ ईसीतच बोला. तापमान दर अंशाला साधारण २ टक्के आकडा हलवतं, म्हणून डीएस१८बी२० चं रीडिंग घेऊन २५ अंशाला आणून दाखवा. कॅलिब्रेशनला १.४१३ चं स्टँडर्ड सोल्यूशन मिळतं.

रीडिंग ईएसपी३२ च्या स्वतःच्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागावर) घेऊ नका, तो दोन्ही टोकांना वाकडा वाचतो आणि वायफाय चालू असताना त्याच्या निम्म्या पिना, एडीसी२ वाल्या, चालतच नाहीत. एडीएस१११५ हा वेगळा एडीसी लावा, पिन २१ आणि २२, सोळा बिट, शांत झोप.

ईसी आणि पीएच प्रोब एकाच टाकीत एकाच वेळी चालू ठेवले की पीएच नाचायला लागतो. ईसी प्रोब पाण्यातून करंट सोडून मोजतो आणि तो करंट पीएचच्या प्रोबला दिसतो. आम्ही आठवडाभर पीएच बोर्ड खराब म्हणून शिव्या देत होतो. उपाय, दोघांची पॉवर वेगळी आणि आळीपाळीने चालू करा, एक मोजत असताना दुसरा पूर्ण बंद. पंप पण तेवढ्यापुरता बंद. वीस रीडिंग घ्या आणि मधलं धरा, सरासरी नको, एक उडी मारलेलं रीडिंग सरासरीला ओढून नेतं.

डोसिंगला १२ व्होल्टचे पेरिस्टाल्टिक पंप (नळी दाबत थोडंथोडं द्रव पुढे ढकलणारे), ए, बी आणि ॲसिड असे तीन. आधी प्रत्येकाला एक मिनिट मापाच्या नळीत चालवून किती मिली येतं ते लिहा, तिघांचे आकडे वेगळे येतात. हिशोब सोपा आहे: ६० लिटरला ६०० मिलीने १.५ चढतो, मग ०.१ चढवायला ४० मिली ए आणि ४० मिली बी. एवढंच टाका, पंधरा मिनिटं पाणी फिरू द्या, परत मोजा, मग पुढचं. एकदम टार्गेटला नेण्याचा कोड लिहिला की तो हमखास पुढे निघून जातो, कारण डोस टाकून पाच सेकंदात प्रोबपाशी काहीच पोचलेलं नसतं. पीआयडी (टार्गेट गाठायचं कंट्रोलचं गणित) वगैरे लिहायची खाज असेल तर पेपरवर लिहा.

या पंपांना ते निळे रिले बोर्ड लावू नका. बरेचसे ॲक्टिव्ह लो असतात, म्हणजे पिन शून्यावर आली की चालू होतात, आणि बोर्ड बूट होताना पिन हवेत तरंगते आणि रिले क्षणभर टिक करतो. आमच्याकडे लाइट दिवसातून चार वेळा गेली की चार वेळा ॲसिडचा घोट. त्याऐवजी आयआरएलझेड४४एन मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), त्याच्या गेटपासून सर्किटच्या ग्राउंडला १० के चा रेझिस्टर, मोटरला उलटा १एन४००७ डायोड, आता बूट होताना पंप गप्प बसतो. ०, २, १२, १५ या पिना यासाठी वापरूच नका.

ॲसिडची ती रात्र

हे सविस्तर सांगतो कारण सगळ्यांच्या बाबतीत होणार आहे. डिसेंबरचा शेवट, लेट्यूस हाताच्या पंजाएवढं झालेलं, सबमिशन म्हणून आम्ही घाईत ॲसिडचा पंप जोडला. नियम एकच होता, पीएच ६.५ च्या वर असेल तर ५ मिली टाक, पंधरा मिनिटं थांब, परत बघ. त्या संध्याकाळी बादलीत पाणी भरायचं राहिलं, त्यामुळे बॉलकॉकला द्यायला पाणीच नव्हतं, पातळी उतरली आणि पीएचचा प्रोब पाण्याच्या वर लटकला. कोरडा प्रोब सात-साडेसात असं काहीतरी दाखवत राहिला. फ्लोट स्विच त्याच्याही खाली बसवलेला, त्यामुळे त्याला सगळं आलबेल. रात्रभर दर पंधरा मिनिटांनी पाच मिली. सकाळी पेनने मोजला तर ३.४. दुपारपर्यंत २८ च्या २८ मान टाकून पडलेली.

तेव्हापासून कोडमध्ये चार कुलपं आहेत आणि ती काढायची नाहीत. एक, प्रोब फ्लोट स्विचच्या खाली, म्हणजे प्रोब उघडा पडायच्या आधी स्विच उडतो. दोन, दिवसभरात ॲसिड जास्तीत जास्त किती याची हद्द, वहीत रोजचा जेवढा खर्च दिसला त्याच्या दीडपट, त्यापुढे पंप बंद आणि मेसेज. तीन, तीन डोस टाकून पीएच ०.१ पण हलला नाही तर प्रोब खोटं बोलतोय असं समजून थांबायचं. चार, ॲसिडची बाटलीच छोटी, दोन दिवस पुरेल एवढीच भरायची. चौथ्या कुलपाला कोड लागत नाही आणि तेच सगळ्यात भरवशाचं.

पीएच प्रोबची काळजी बाळासारखी घ्यावी लागते. दर आठवड्याला ६.८६ आणि ४.०० च्या बफरमध्ये कॅलिब्रेट, पुड्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायच्या, ते पाणी बॅटरीवाल्याकडे मिळतं. पण प्रोब डिस्टिल्ड पाण्यात ठेवून द्यायचा नाही, तो मरतो, पोटॅशियम क्लोराइडच्या ३ मोलर द्रावणात ठेवा. २५ अंशाला एका पीएचमागे ५९ मिलीव्होल्ट फरक पडला पाहिजे, दोन बफरवरून काढलेला हा एका पीएचमागचा फरक त्याच्या खूप कमी येत असेल तर प्रोब म्हातारा झाला, नवा आणा.

लाइट आणि शॉक

गच्ची, पाणी आणि २३० व्होल्ट, तिन्ही एकत्र आहेत, तेव्हा ३० मिलीॲम्पची आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) लावल्याशिवाय पंप चालू करायचा नाही, अर्थिंग लॅब असिस्टंटकडून तपासून घ्या. बोर्डचा डबा टाकीच्या वर आणि बाजूला, वायर डब्यात शिरायच्या आधी खाली एक झोळ देऊन मग वर न्या म्हणजे थेंब आत न जाता झोळातून खाली पडतो. हात टाकीत घालायच्या आधी प्लग काढा, मग तुम्हाला कितीही खात्री असो.

मेंटेनन्सचा शटडाऊन असला की दिवसभर लाइट नाही. अडीच सेंमी पाणी पाइपात थांबतं म्हणून चार-पाच तास काढतो, पुढे १२ व्होल्टचा छोटा डीसी पंप आणि बाइकची जुनी बॅटरी ठेवली तर उत्तम. कुणीच नसेल तर वॉचमन काकांना सांगून ठेवा की दुपारी प्रत्येक पाइपात वरून एकेक तांब्या ओता. आमचे काका नंतर स्वतःहूनच येऊन बघायचे आणि मेथी कधी निघणार विचारायचे.

बाकीचं पटकन. मावा येतो, थंडीत तर नक्की, पिवळे चिकट सापळे लावा आणि संध्याकाळी कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात फवारा, टाकीत पडू देऊ नका. बी लावायला धुतलेलं कोकोपीट, न धुतलेल्यात मीठ असतं आणि ईसी उगाच वाढलेला दिसतो. दर दोन-तीन आठवड्यांनी टाकीतलं सगळं पाणी बदला, ईसीचा आकडा बरोबर दिसला तरी आत कुठलं खत संपलंय आणि कुठलं साठलंय हे तो सांगत नाही.

आणि ते काढलेलं पाणी गटारात ओतू नका, त्यात अजून खत आहे. निम्मं साधं पाणी मिसळून डिपार्टमेंटच्या बाहेरच्या कढीपत्त्याला घाला. आम्ही हे पाणी घातलेला कढीपत्ता आता पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागलाय आणि मेसच्या मावशी त्यावरूनच आम्हाला ओळखतात.